टोमालेस पॉइंटच्या कुंपणाचा हिशेब

२०१२ मध्ये ५४०, २०१४ मध्ये २८६. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पॉइंट रेज या राष्ट्रीय उद्यानात, टोमालेस पॉइंट नावाच्या भूशिरावर टूली एल्कची संख्या दोन वर्षांत एवढी उतरली. टूली एल्क हे सांबराच्या कुळातले, फक्त कॅलिफोर्नियात आढळणारे हरीण. घट २५४ जनावरांची, म्हणजे ४७ टक्के. तो दुष्काळाचा काळ होता. पण त्याच काळात, त्याच उद्यानातल्या इतर दोन कळपांची संख्या जवळपास एक-तृतीयांशाने वाढली. पाऊस तिघांनाही हुलकावणी देऊन गेला होता. टोमालेस पॉइंटचा कळप कुंपणाआड होता, उरलेले दोन मोकळे होते.

पॉइंट रेज सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मोटारीने दीड-दोन तासांवर आहे. बे एरियातल्या मराठी कुटुंबांनाही ही जागा परिचयाची. क्षेत्रफळ ७१ हजार एकर, म्हणजे सुमारे २८७ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पावणेतीन पट. पायवाटांची एकूण लांबी सुमारे २४० किलोमीटर, वर्षाकाठी येणारे पर्यटक २० लाखांहून अधिक. एल्क पाहायला येणारे टोमालेस पॉइंटची वाट धरतात. जाऊन-येऊन १५ किलोमीटरची ही वाट समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जाते. तीन बाजूंना खारे पाणी आणि चौथ्या बाजूला सुमारे ३ किलोमीटरचे कुंपण होते. आत २,६०० एकर.

या २,६०० एकरांत १९७८ मध्ये १० एल्क आणून सोडले गेले: २ नर, ८ माद्या. १९८८ मध्ये ते ९३ झाले. वाढीचा सरासरी वेग वर्षाला २५ टक्के. १९९८ पर्यंत संख्या ५०० च्या पुढे गेली. त्या सुमारास २८ एल्क हलवून उद्यानाच्या दक्षिण भागात, लिमंटूरच्या परिसरात मोकळे सोडण्यात आले. त्यांच्यातूनच पुढे ड्रेक्स बीचचा कळप वेगळा झाला. म्हणजे वर उल्लेखलेले दोन्ही मोकळे कळप याच २८ जनावरांचे वंशज आहेत. मूळ एक, उद्यान एक, दुष्काळ एक; तुलनेला याहून स्वच्छ परिस्थिती क्वचितच मिळते.

२०१४ नंतर कुंपणाआडचा कळप सावरला. २०१९-२० च्या हिवाळी गणनेत ४४५ एल्क मोजले गेले. २०१४ च्या तुलनेत ५६ टक्के वाढ. पुढल्या वर्षीचा आकडा २९३, म्हणजे एका वर्षात १५२ कमी, ३४ टक्के घट. त्याच्या पुढल्या वर्षी २२१, आणखी २५ टक्के घट. दोन हिवाळ्यांत कळप पुन्हा निम्म्यावर आला. ही वर्षेही दुष्काळाचीच होती.

५४० एल्क असताना प्रत्येकाच्या वाट्याला ४.८ एकर येत होते, २२१ असताना ११.८ एकर. जागा एवढी वाढूनही मृत्यू थांबले नव्हते, कारण प्रश्न एकरांइतकाच एकरांवर काय उगवते याचाही आहे. उद्यान प्रशासनाच्या मते मृत्यूचे मुख्य कारण तहान नसून निकृष्ट चारा हे होते. या भूशिराच्या मातीत तांबे आणि सेलेनियम कमी आहे, त्यामुळे गवतातही कमी. मोकळा एल्क दुसऱ्या कुरणाकडे चालू लागतो. कुंपणाआडच्या एल्कला ती सोय नव्हती. जून २०२१ मध्ये प्रशासनाने आत पिण्याचे पाणी ठेवले, खनिजांच्या चाटणविटाही ठेवल्या. कारणाविषयी वाद असला, तरी उपाय दोन्ही बाजूंचा झाला.

कुंपण होते ते गुरांसाठी. उद्यानाच्या हद्दीतली सुमारे १८ हजार एकर जमीन गुरे पाळणाऱ्या रँचना भाडेपट्ट्याने दिलेली होती. हद्दीशेजारच्या जमिनीसह मंजूर गुरांची संख्या साडेपाच हजारांच्या आसपास होती, तर तिन्ही कळपांतले एल्क मिळून सहाशेच्या आत-बाहेर. एका एल्कमागे नऊ गुरे. २०२१ च्या आराखड्याने ड्रेक्स बीचच्या कळपावर १४० ची मर्यादा घातली आणि त्यावरचे एल्क मारण्याची तरतूद केली. म्हणजे एका कळपात जनावरे मरतात ही चिंता आणि दुसऱ्यात ती वाढतात हीही चिंता.

इतिहासातला एक तपशील मात्र गुरेवाल्यांच्या बाजूचा आहे. १८५० पूर्वी कॅलिफोर्नियात सुमारे ५ लाख टूली एल्क असल्याचा अंदाज आहे. १८७४ च्या सुमारास ते बोटांवर मोजण्याइतके उरले आणि सापडले ते हेन्री मिलर या गुरांच्या बड्या मालकाच्या जमिनीवर. त्याने त्यांना हात लावू दिला नाही. आज राज्यभर असलेले सुमारे ५,७०० एल्क त्या मूठभरांचेच वंशज आहेत.

कुंपण हेच सगळ्या घटीचे कारण, असे समजणेही चुकीचे ठरेल. उद्यानाच्या दीपगृहाकडे उतरणाऱ्या ३१३ पायऱ्यांवरून करडे देवमासे दिसतात. अमेरिकी सरकारी अंदाजानुसार २०१६ मध्ये त्यांची संख्या सुमारे २७ हजार होती, २०२५ मध्ये सुमारे १३ हजार. घट ५२ टक्के. २०२४ च्या १९,२६० शी तुलना केली, तर एका वर्षात ३३ टक्के. त्यांच्यापुढे अख्खा महासागर मोकळा आहे. आर्क्टिकमधले त्यांचे खाद्य घटले आणि त्याला पर्यायी कुरण नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये उद्यान प्रशासनाने टोमालेस पॉइंटचे कुंपण काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि काम सुरूही केले. ८ जानेवारी २०२५ रोजी उद्यानातल्या १४ पैकी १२ रँचनी जागा सोडण्याचा करार जाहीर झाला. त्यातून १६ हजारांहून अधिक एकरांचा वापर बदलणार आहे. कुंपणाआडच्या क्षेत्राच्या सहापट. एल्क मारण्याची तरतूदही मागे घेतली गेली.

याचा परिणाम गणनेच्या वाचनावर होईल. आतापर्यंत टोमालेस पॉइंटवर १०० एल्क कमी भरले, तर १०० मेले असे समजता येत होते. यापुढे ते कुंपणाच्या जागेवरून चालत दक्षिणेला गेलेलेही असू शकतात. २२१ च्या पुढचे आकडे वाचताना म्हणून भूशिराचा आकडा बाजूला ठेवून तिन्ही कळपांची बेरीज पाहावी लागेल.