तणनाशकाचा दावा आणि हरवलेली बाटली

पाऊस लागून राहिला की कपाशीत तण माजतं आणि नेमक्या त्याच वेळी निंदणाला बाया मिळत नाहीत. मग नागपूर-यवतमाळकडचा शेतकरी कृषी केंद्रातून तणनाशक आणतो. फवारणारा बहुधा रोजंदारीवरचा मजूर. बादलीत काडीने औषध ढवळायचं, नाकाला रुमाल बांधायचा आणि पाठीवरचा पंप गळत असला तरी ओल्या सदऱ्यानिशी संध्याकाळपर्यंत तास धरायचे.

या औषधांत पॅराक्वाट फार जहाल. पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात, फुप्फुसं काही दिवसांत कडक होत जातात आणि श्वास कोंडतो. त्यावर उतारा नाही. सोललेल्या कातडीतूनही ते अंगात भिनू शकतं. स्वित्झर्लंडने १९८९ मध्ये त्यावर बंदी घातली, युरोपीय संघातून ते २००७ मध्ये हद्दपार झालं, केरळनेही २०११ मध्ये ते बंद केलं.

अमेरिकेत पॅराक्वाटमुळे कंपवात जडला, असे हजारो दावे स्वित्झर्लंडच्या सिंजेंटावर आणि इतर कंपन्यांवर दाखल झाले. कंपन्यांना ते मान्य नाही. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ ठरवलं. अमेरिकेच्या नियामक संस्थेचं मत वेगळं आहे. तरीही २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने शाळेच्या मैदानाची निगा राखणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने कौल दिला.

विदर्भातला मजूर असा दावा का करू शकत नाही? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो रुग्णालयात पोहोचली. ती औषधं मुख्यतः कीटकनाशकं होती. पण अडचण तणनाशकातही तीच. मजुराने औषध विकत घेतलेलं नसतं, पावती मालकाकडे, बाटली बांधावर फेकलेली. आपण काय फवारलं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून डॉक्टरलाही कळत नाही. त्यातून १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात विक्रेत्याला शिक्षा आहे, बाधिताला भरपाईची तरतूद नाही.

यवतमाळच्या विषबाधेनंतर नागपूरचे कार्यकर्ते जम्मू आनंद यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली, सरकारने विशेष तपास पथक नेमलं. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी थेट स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटाविरुद्ध उभे राहिले. प्रश्न ‘पोलो’ या कीटकनाशकाचा होता, कंपनीने आरोप नाकारले. तिथल्या कायद्यात दाव्याला तीन वर्षांची मुदत. ती संपत आली असताना कागद दाखल झाले.

एवढ्या लांब जाण्याची वेळ येऊ नये. विषबाधेचा रुग्ण आला की केसपेपरवर औषधाचं नाव, शेतमालकाचं नाव आणि रक्ततपासणीचा निकाल नोंदवणं विदर्भातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला आजही बंधनकारक करता येईल. दावा उभा राहायला निदान तेवढा कागद तरी मजुराच्या हाती असेल.