गरुडावरचा मुकुट

टपालाच्या तिकिटावर ज्याचे चिन्ह, त्याची सत्ता, असा साधा संकेत आहे. मेक्सिकोच्या गरुडाला या संकेतापायी बरेच सोसावे लागले.

हा गरुड निवडुंगावर बसतो आणि चोचीत साप धरतो. असा पक्षी दिसेल तेथे नगर वसवावे, अशी देवाज्ञा ॲझटेक लोकांना झाली व १३२५ साली त्यांनी सरोवरातील बेटावर राजधानी स्थापिली, अशी आख्यायिका आहे. आजचे मेक्सिको शहर त्याच जागेवर उभे आहे. कद्रू-विनतेची कथा ऐकलेल्या मराठी माणसाला गरुड-सर्पाचे हे वैर मुळीच परके वाटणार नाही! १८२२ साली इतुर्बिदे सम्राट झाला, तेव्हा या पक्ष्याच्या मस्तकी मुकुट चढला. पुढच्याच वर्षी साम्राज्य कोसळले आणि काँग्रेसने ठराव करून तो उतरविला.

१८५६ साली तेथे पहिली तिकिटे निघाली, तीवर गरुड नव्हता. १८१० साली स्वातंत्र्याचा उठाव आरंभिणारे धर्मगुरू मिगेल हिदाल्गो यांची मुद्रा होती. १८६३ साली फ्रेंच फौजांनी राजधानी घेतली, अध्यक्ष बेनितो हुआरेस यांचे सरकार उत्तरेकडे हटले आणि हाप्सबुर्ग घराण्यातील माक्सिमिलियनला सिंहासन देण्यात आले. १८६४ च्या नव्या तिकिटावर हिदाल्गोंच्या जागी गरुड आला, आणि त्याच्या वर पुन्हा मुकुट! परक्या सम्राटाच्या चेहऱ्यापेक्षा ओळखीचा पक्षी प्रजेच्या हाती देणे सोयीचे होते, यात नवल नाही. सम्राटाची स्वतःची छबी तिकिटावर आली ती १८६६ साली.

या गरुड-तिकिटांवर एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. राजधानीत छापलेले तिकीट ज्या जिल्ह्याच्या टपाल कचेरीकडे जाई, त्या जिल्ह्याचे नाव त्यावर वेगळे उमटविले जाई. पुढे पाठवणीचा क्रमांक आणि सालही. वाटेत लुटलेली कोरी तिकिटे कोणी वापरू नयेत, हा त्यामागचा हेतू. साम्राज्याचे चिन्ह मिरवणाऱ्या कागदालाही रस्त्यावरच्या लुटारूंचे भय होते, असाच त्याचा अर्थ.

१९ जून १८६७ रोजी केरेतारो येथे माक्सिमिलियनला गोळ्या घालण्यात आल्या. १८६८ च्या तिकिटांवर हिदाल्गो परतले. गरुडाला मात्र १८९९ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीच्या मालिकेत तो आला, निवडुंग आणि सापासह, बिनमुकुटाचा.