एक दशांश व्होल्टाचा शोध

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात सापडणाऱ्या गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाहण्याचा खेळ ज्यांनी बालपणी खेळला असेल, त्यांना क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब दिला असता वीज प्रकट होते, हा झाक व पिएर क्यूरी या बंधूंचा १८८० मधील शोध अगदीच परका वाटू नये. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर याच तत्त्वावर चालतो. आणि उलटपक्षी विजेने स्फटिक प्रसरण पावतो, हेही या बंधूंनी पुढल्याच वर्षी पडताळले.

संगणकविद्येने या दाबविद्युत् गुणधर्माला पाचारण केले ते मात्र ट्रान्झिस्टरची वाट अडल्यावर. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या साधनाचा अंमल अर्धशतक निर्वेध चालला, कारण १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखविल्याप्रमाणे आकाराबरोबर व्होल्टेजही घटविता येत असे. परंतु प्रवाह दहापट वाढविण्यास सामान्य तापमानात किमान ६० मिलिव्होल्ट हवेतच, ही निसर्गाची अट आड आली. २००५ च्या सुमारास व्होल्टेज एका व्होल्टापाशी अडले आणि उष्णतेच्या धाकाने वेगही तीन-चार गिगाहर्ट्झवर थबकला. ज्या जिल्ह्यातील वणीचा कोळसा विजेसाठी जळतो, तेथील रहिवाशांनी तरी ही अडचण क्षुल्लक मानू नये.

२०१२ मध्ये आयबीएमचे डेनिस न्यून्स, ग्लेन मार्टिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली तजवीज मला विलक्षण सुंदर वाटते: भक्कम चौकटीत बसविलेला दाबविद्युत् पदार्थ एक दशांश व्होल्टाच्या आसपास विजेने किंचित फुगतो, शेजारच्या सॅमॅरियम सेलेनाइडच्या पातळ थराला चेपतो, आणि त्या थराचा रोध हजारो पटींनी उतरून कळ चालू होते. दाबाखाली हा पदार्थ धातूसारखा वागू लागतो, हे १९७० मध्येच सिद्ध केले होते ते सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली बंगळूरला घडलेल्या अय्यासामी जयरामन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि तेही ट्रान्झिस्टरच्याच जन्मस्थानी, बेल प्रयोगशाळेत! चार दशके दप्तरी पडलेल्या शोधाला असे काम मिळावे, याचा मला मनःपूर्वक आनंद होतो.

२०१५ मध्ये प्रत्यक्ष घडविलेल्या नमुन्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. परंतु इतक्या सूक्ष्म आकारात दाबविद्युत् थराचे सामर्थ्य टिकविणे दुष्कर ठरले, आणि बाजारात आजही सिलिकॉनचीच सत्ता आहे. आमच्या जिल्ह्यातील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जयरामन यांचा तो १९७० चा निबंध मुद्दाम मिळवून वाचावा.