जपानी गद्यातील वाक्यान्त आणि वाचकाचे स्थान

जपानी भाषेतील आदरव्यवस्थेचा विचार बहुधा संभाषणाच्या संदर्भात केला जातो. कोणी कोणाशी किती विनयाने बोलावे, एवढ्यापुरताच तो प्रश्न मर्यादित मानला जातो. परंतु लिखित गद्यात श्रोता प्रत्यक्ष समोर नसतानाही ही व्यवस्था कार्यरत असते आणि तेथे तिचे प्रयोजन काहीसे बदलते. लेखक वाचकाला समोर उपस्थित मानतो की नाही, हे जपानी वाक्याच्या शेवटावरून कळते. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय तेथील गद्यप्रकारांमधील भेद उलगडत नाहीत.

या व्यवस्थेत दोन दिशा स्पष्टपणे वेगळ्या कराव्या लागतात. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याबद्दलचा आदर ही पहिली दिशा. ‘सोनकेइगो’ म्हणजे आदरवाचक रूपे आणि ‘केन्ज्योगो’ म्हणजे स्वतःकडे लघुत्व घेणारी रूपे मुख्यतः तिच्यात मोडतात. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याबद्दलचे सौजन्य ही दुसरी दिशा. ‘देसु’ आणि ‘मासु’ हे वाक्यान्त, म्हणजेच ‘तेइनेइगो’, तिच्यासाठी आहेत. (जपानच्या सांस्कृतिक परिषदेने २००७ साली या रूपांचे पाच वर्ग मांडले, येथील विवेचनास ही स्थूल विभागणी पुरेशी आहे.) ‘पाऊस पडतो’ या आशयाची ‘आमे गा फुरु’ आणि ‘आमे गा फुरिमासु’ ही दोन वाक्ये पाहावीत. पावसाचा आदर करण्याचा येथे प्रश्नच नाही. दुसऱ्या वाक्यातील सौजन्य सर्वस्वी ऐकणाऱ्यासाठी आहे.

लेखनात या दुसऱ्या दिशेवरून दोन शैली ठरतात. ‘देसु-मासु’ शैली पत्रांत, बालसाहित्यात, लहान वर्गांच्या पाठ्यपुस्तकांत आणि नागरिकांसाठीच्या सूचनापत्रकांत आढळते. ‘दा’ किंवा ‘देआरु’ ही साधी शैली वृत्तपत्रीय वृत्तान्त, शोधनिबंध आणि बहुसंख्य कादंबऱ्यांची आहे. वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोलताना साधे रूप उद्धटपणाचे ठरते. शोधनिबंधात मात्र ते मुळीच तसे वाटत नाही. कारण तेथे विधान कोणा एकाला उद्देशून केलेले नसते. सौजन्याचा अभाव आणि संबोधनाचा अभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ही विभागणी फार जुनी नाही. पूर्वी पत्रव्यवहारात आणि दप्तरी लेखनात ‘सोरो’ हा वाक्यान्त असलेली शैली रूढ होती. बोली आणि लेखन यांतील अंतर मिटवणारी ‘गेन्बुन इच्ची’ चळवळ मेइजी काळात सुरू झाली, तेव्हा बोलभाषेतील कोणता वाक्यान्त गद्याने स्वीकारावा, हा कळीचा प्रश्न ठरला. फुताबातेइ शिमेइ यांनी ‘उकिगुमो’ (१८८७-८९) या कादंबरीत ‘दा’चा, यामादा बिम्यो यांनी ‘देसु’चा, तर ओझाकी कोयो यांनी ‘देआरु’चा मार्ग धरला, असे साहित्येतिहासात सांगितले जाते. कथनात्मक गद्यात अखेर साधी शैली स्थिरावली. निवेदकाला श्रोत्यापासून मोकळे होता आले, हे तिच्या यशाचे एक कारण मानता येईल. १९४६ साली प्रसिद्ध झालेले संविधानही बोलभाषेवर आधारलेल्या ‘देआरु’ शैलीतच लिहिले गेले.

एकाच लेखकाच्या दोन कथांत हा भेद ठळकपणे दिसतो. आकुतागावा र्‍युनोसुके यांच्या ‘राशोमोन’ (१९१५) या कथेचे निवेदन साध्या शैलीत आहे. १९१८ साली ‘आकाइ तोरी’ या बालमासिकात आलेली त्यांची ‘कुमो नो इतो’ (कोळ्याचा धागा) ही कथा मात्र ‘देगोझाइमासु’ या अतिसौजन्यदर्शक वाक्यान्ताने सांगितलेली आहे. या दुसऱ्या कथेत दोन्ही दिशा एकत्र येतात. स्वर्गातील कमळतळ्याकाठी फिरणाऱ्या बुद्धांसाठी निवेदक आदरवाचक क्रियापदे योजतो. नरकात पडलेल्या कान्दाता या दरोडेखोराच्या वाट्याला ती येत नाहीत. तथापि दरोडेखोराविषयीची वाक्येही सौजन्यदर्शक वाक्यान्तानेच संपतात. हे सौजन्य कथा ऐकणाऱ्या मुलांसाठी आहे.

मराठी अनुवादकाची खरी कसोटी येथे लागते. पहिली दिशा मराठीला सहज साधते. ‘बुद्ध फिरत होते’ आणि ‘कान्दाता तळमळत होता’ या दोन वाक्यांत आदरार्थी बहुवचनाने आवश्यक तो भेद होतो. दुसऱ्या दिशेसाठी मात्र मराठी क्रियापदाजवळ रूप नाही. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील आदर श्रोत्यापर्यंत पोहोचतो, परंतु श्रोता स्वतःच वाक्याचा कर्ता किंवा अन्य घटक असेल तेव्हाच. ‘पाऊस पडतो’ हे वाक्य श्रोता कोणीही असला तरी बदलत नाही. परिणामी शब्दशः अनुवादात ‘राशोमोन’ आणि ‘कुमो नो इतो’ यांचे निवेदक एकाच आवाजात बोलू लागतात. सर्वत्र आदरार्थी बहुवचन वापरणे हा यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास दरोडेखोरालाही बुद्धांचा मान मिळेल आणि कथेतील नैतिक उतरंडच मोडेल.

उपाय मराठीच्या कथनपरंपरेत शोधावा लागतो. कीर्तनकाराचे ‘श्रोतेहो’, कथा सांगणाऱ्या आजीचे ‘बरं का’ आणि ‘हं’, वाक्यारंभीचे ‘अहो’ ही सर्व श्रोत्याला समोर बसवणारी साधने आहेत. जपानी वाक्यान्त प्रत्येक वाक्यात अपरिहार्यपणे येतो. ही मराठी साधने ऐच्छिक आहेत आणि त्यांचा अतिरेक झाला तर निवेदन कृत्रिम होते. म्हणून मोजक्या जागी त्यांची योजना करून उरलेले कार्य वाक्याच्या लयीवर सोपवणे श्रेयस्कर. निवेदक कोणाविषयी बोलतो एवढेच न पाहता तो कोणाला सांगतो आहे, हेही अनुवादकाने प्रथम ठरवले पाहिजे. जपानी वाचकाला ते पहिल्याच वाक्याच्या शेवटी कळलेले असते.