जुन्या घराची वायरिंग : आधी अर्थिंग, मग बाकीचे

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वऱ्हाडातल्या खेडोपाडी वीज पोचली. तेव्हाच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांतले पट्टी फिटिंग साधे होते: भिंतीला ठोकलेली लाकडी पट्टी, तिच्यावर क्लिपांनी बसवलेली वायर, काळी गोल बटणे आणि चिनीमातीचा फ्यूज. दोन-चार बल्ब आणि एखादा रेडिओ, एवढीच गरज होती. अर्थिंगची तिसरी तार सहसा ओढलीच जात नसे. वाशिम जिल्ह्यात अशी फिटिंग अजून वापरात आहे आणि तिच्यावर आता कुलर, फ्रिज, मिक्सर चालतात.

तारेतला प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. जुने रबरी आवरण त्या उष्णतेने कडक होऊन तडकते, सैल जोड तापतात. बटण गरम लागणे, जळका वास येणे, कुलर लावताच बल्ब मंद होणे ही त्याची लक्षणे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणे हा सर्वांत घातक उपाय होय. मग फ्यूज शाबूत राहतो आणि धाब्याच्या लाकडाला लागून गेलेली वायर जळते.

खरा जीवघेणा धोका मात्र कुलरचा. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी. बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंग नसेल, तर तो हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत जातो. काही ठिकाणी न्यूट्रलच बॉडीला जोडतात. ते कधीही करू नये, कारण न्यूट्रल तुटला की सगळी बॉडी जिवंत होते. इथली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, म्हणजे नेमकी कुलरच्या दिवसांत. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळाभर पाणी घालत राहावे लागते.

सगळे घर एकदम बदलण्याइतका पैसा नसला तरी क्रम चुकवू नये. पहिले अर्थिंग, आणि त्याच वेळी मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. जुन्या वायरिंगवर तो सारखा पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधावी, आरसीसीबी काढून टाकू नये. मग कुलर आणि फ्रिजसाठी बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आयएसआय शिक्क्याची वेगळी लाइन ओढावी. जुनी पट्टी केवळ दिव्यांपुरती, लहान एमसीबीमागे (भार वाढताच पडणाऱ्या स्विचमागे) ठेवावी आणि जमेल तशी एकेक खोली बदलावी. ओल्या मातीच्या भिंतीवरची वायर सर्वांत आधी.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. खांबापासून मीटरपर्यंतची तार महावितरणची. तिची तक्रार १९१२ वर नोंदवता येते. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा, आणि कुलर बाहेर काढण्यापूर्वी तर न चुकता, दाबून पाहावे.