ऑपरेशननंतर मोबाईलवरची देखरेख

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर काही दवाखाने रुग्णाच्या मोबाईलवर अ‍ॅप सुरू करून देतात. व्यायामाची, गोळीची आठवण ते करते. दुखणे 0 ते 10 मध्ये विचारते. जखमेचा फोटो मागते. घरी गेल्यावरही कोणीतरी लक्ष ठेवून आहे, याने धीर येतो असे रुग्ण सांगतात. पण फोन मुलाच्या खिशात, मुलगा कामावर आणि भाषा इंग्रजी, अशीही गाऱ्हाणी असतात. आयुष्यभर दुखणे अंगावर काढलेली आई 10 पैकी 3 च सांगते. अ‍ॅप तेच खरे धरते!

फोटोचेही तसेच. सावळ्या कातडीवर जंतुसंसर्गाची लाली नीट दिसत नाही. म्हणून हात धुऊन जखमेच्या आजूबाजूला बोटे टेकवा. ऊब, सूज रोज वाढते का पाहा. पू, ताप असेल किंवा पोटरी सुजून दुखू लागली (रक्ताची गाठ असू शकते), तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखले तर 108 लावा. अ‍ॅपच्या उत्तरासाठी थांबू नका.

पाठवलेला फोटो कोण पाहते, रात्री आणि रविवारी पाहते का, हे सुट्टी मिळण्याआधीच विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. व्यायामाचा कागद मराठीत मागून घ्या. विहारात येणाऱ्या शिकलेल्या मुलामुलींनी शेजारच्या आजीला अ‍ॅप एकदा उघडून, वाचून दाखवावे.