विंडोजचे खेळ लिनक्सवर : पडदा काळा पडला तर दोष शोधायचा कुठे?

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी ‘विंडोज 10’चे नियमित साहाय्य थांबवले. ‘विंडोज 11’च्या अटींत न बसणारे लॅपटॉप ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यापुढे तेव्हापासून एक प्रश्न उभा आहे. धडधाकट यंत्र अडगळीत टाकायचे, की त्यावर लिनक्ससारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची? अनेकांनी दुसरा मार्ग निवडला. कार्यालयीन कागदपत्रे, ईमेल, इंटरनेट हे सारे सुरळीत चालू लागते. मात्र घरातील विद्यार्थी विकत घेतलेला एखादा खेळ सुरू करतो आणि पडदा काळा पडतो, चित्र फाटलेले दिसते किंवा खेळ अडखळत चालतो. ‘लिनक्सवर खेळ चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढून नव्या लॅपटॉपची चौकशी सुरू होते.

हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. यातील बरेचसे दोष सॉफ्टवेअरच्या जुळणीतील असतात आणि ते विनाखर्च दूर करता येतात. त्यासाठी खेळाचे चित्र पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

चित्राचा प्रवास

विंडोजसाठी लिहिलेला खेळ चित्र रेखाटण्याच्या आज्ञा ‘डायरेक्ट थ्रीडी’ या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत देतो. लिनक्सला ही भाषा अवगत नाही. हे अंतर भरून काढण्याचे काम 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ या प्रकल्पाने हाती घेतले. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये वाइनवर आधारित ‘प्रोटॉन’ आपल्या स्टीम या खेळांच्या दालनात समाविष्ट केले. त्याच बळावर 2022 मध्ये कंपनीचे ‘स्टीम डेक’ हे लिनक्सवर चालणारे हातातील खेळयंत्र बाजारात आले.

प्रोटॉनमधील दोन दुभाषे येथे महत्त्वाचे आहेत. ‘डीएक्सव्हीके’ हा डायरेक्ट थ्रीडीच्या 9, 10 आणि 11 या आवृत्त्यांतील आज्ञांचा अनुवाद करतो. ‘व्हीकेडी थ्रीडी-प्रोटॉन’ हा 12 व्या आवृत्तीचा. दोघेही अनुवाद करतात तो ‘व्हल्कन’ या खुल्या मानकात. पुढे व्हल्कनच्या आज्ञा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे जातात आणि ड्रायव्हर त्या चिपकडून पार पाडून घेतो. इंटेल व एएमडीच्या चिपसाठी ‘मेसा’ या मुक्त प्रकल्पातील ड्रायव्हर वापरात आहेत, तर एनव्हिडियाच्या चिपवर प्रामुख्याने त्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वापरला जातो.

खेळ, दुभाषा, व्हल्कन, ड्रायव्हर आणि चिप अशी ही साखळी आहे. यातील एक कडी निखळली तरी दिसणारे लक्षण सारखेच असते : काळा पडदा.

पहिली चाचणी : फिरणारा घन

दोष साखळीच्या वरच्या भागात आहे की खालच्या, हे आधी ठरवावे. बहुतेक लिनक्स वितरणांत ‘व्हल्कन टूल्स’ नावाचे पॅकेज मिळते. त्यातील ‘व्हीकेक्यूब’ हा छोटा प्रोग्राम टर्मिनलमधून चालवल्यास पडद्यावर एक फिरणारा घन दिसतो आणि तो कोणत्या चिपवर रेखाटला जात आहे, हे टर्मिनलमध्ये उमटते. या प्रोग्रामचा विंडोजशी किंवा प्रोटॉनशी काहीही संबंध नाही. त्यामुळे घनच दिसत नसेल, तर खेळाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष ड्रायव्हरमध्ये आहे. घन दिसला आणि चिपचे नावही योग्य असेल, तर शोध प्रोटॉनच्या दिशेने न्यावा.

नावाकडे मात्र बारकाईने पाहावे. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असा शब्द आढळल्यास ग्राफिक्स चिप कामालाच लागलेली नाही आणि चित्र मुख्य प्रोसेसर रेखाटत आहे, असे समजावे. घन त्यावरही फिरतो, पण खेळ चालणे दुरापास्त असते.

ड्रायव्हर का सुरू होत नाही?

एनव्हिडियाची चिप असलेल्या लॅपटॉपवर दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले कारण ‘सिक्युअर बूट’चे. ही सुरक्षा व्यवस्था चालू असताना स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारत नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि पुढच्या बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर किल्लीची नोंदणी करावी लागते. तो पडदा घाईत ओलांडला, की ड्रायव्हर बसूनही निष्क्रिय राहतो. दुसरे कारण अद्ययावतीकरणाचे. कर्नल नवा आला, पण त्याच्यासाठी ड्रायव्हरची बांधणी झाली नाही, तर काल चालणारा खेळ आज बंद पडतो. अशा वेळी बूटच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. खेळ चालला तर कारण निश्चित झाले.

ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवण्याचा मोह टाळावा. वितरणाच्या स्वतःच्या भांडारातील ड्रायव्हर, उदाहरणार्थ उबुंटूमधील ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या सोयीतून मिळणारा, पुढील अद्ययावतीकरणांतही टिकून राहतो.

दोन चिप, चुकीची निवड

अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरमध्येच सामावलेली, वीज वाचवणारी. दुसरी स्वतंत्र आणि सामर्थ्यवान. बॅटरी टिकावी म्हणून लिनक्स सहसा पहिलीच वापरते. खेळ सुरू होतो, चित्र अचूक दिसते, पण वेग अगदी कमी असतो, अशा तक्रारीच्या मुळाशी ही निवड असू शकते. ग्नोम डेस्कटॉपवर स्टीमच्या चिन्हावर उजवी क्लिक केल्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्डवर सुरू करण्याचा पर्याय मिळतो. उबुंटूवर एनव्हिडियाच्या सेटिंग्जमधील ‘प्राइम प्रोफाइल्स’मधूनही चिप ठरवता येते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे आणि वीजबचतीची पद्धत बंद आहे, एवढी साधी खातरजमाही विसरू नये.

नवे खेळ चालतात, जुने नाहीत

हे लक्षण विचित्र वाटले तरी कारण सरळ आहे. जुने बहुतांश खेळ 32-बिटचे असतात. प्रणाली 64-बिटची असली तरी त्यांना ग्राफिक्स ड्रायव्हरची 32-बिट ग्रंथालयेही लागतात आणि ती वेगळी बसवावी लागू शकतात. स्टीम ‘फ्लॅटपॅक’ स्वरूपात बसवले असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. फ्लॅटपॅक एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची स्वतंत्र प्रत बाळगते. मूळ प्रणालीतील ड्रायव्हर पुढे गेला आणि ही प्रत मागे राहिली, तर दोघांचे जुळत नाही. दोन्ही एकत्र अद्ययावत करणे हाच उपाय होय.

याउलट, चिपच जुनी असेल तर मर्यादा वेगळी असते. डीएक्सव्हीकेच्या नोव्हेंबर 2022 मधील 2.0 आवृत्तीपासून व्हल्कन 1.3 अनिवार्य झाले. इंटेलच्या चौथ्या पिढीतील प्रोसेसर किंवा एनव्हिडियाच्या ‘केप्लर’ पिढीतील चिप ही अट पूर्ण करू शकत नाहीत. अशा यंत्रांवर खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘कंपॅटिबिलिटी’ या भागातून प्रोटॉन 7.0 ही जुनी आवृत्ती निवडून पाहावी. डायरेक्ट थ्रीडी 12 वरील खेळांची आशा मात्र तेथे धरू नये.

प्रोटॉनच्या बाजूचे दोष

घन योग्य चिपवर फिरतो आणि एकच खेळ बिघडतो, अशा वेळी प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडणे हा पहिला उपाय आहे. मधल्या चित्रफितीच्या जागी रंगीत पट्टे दिसले, तर दोष ग्राफिक्सचा नसून त्या चित्रफितीचा कोडेक उपलब्ध नसल्याचा असतो. नवा प्रसंग पहिल्यांदा दिसताना खेळ क्षणभर अडखळत असेल, तर पार्श्वभूमीला शेडर तयार होत असतात. थोडा वेळ खेळल्यावर हा त्रास बहुधा ओसरतो. विंडोजच्या जुन्या एनटीएफएस विभागात ठेवलेला खेळ लिनक्सच्या विभागात हलवणेही हितावह असते.

तरीही उलगडा होत नसेल, तर नोंद मिळवावी. खेळाच्या प्रॉपर्टीजमधील ‘लाँच ऑप्शन्स’च्या रकान्यात ‘प्रोटॉन’ आणि ‘लॉग’ हे शब्द मोठ्या रोमन अक्षरांत अधोरेषेने जोडून लिहावेत. त्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि 1 हा अंक. मग जागा सोडून, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘कमांड’ हा शब्द लहान रोमन अक्षरांत लिहावा. खेळ बंद पडल्यावर होम फोल्डरमध्ये नोंदीची फाइल तयार झालेली असते. तिच्यात चिपचे नाव, व्हल्कनची स्थिती आणि शेवटची त्रुटी सापडते.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी ‘कॉम्पॅटडेटा’ या फोल्डरमध्ये एक छोटे विंडोज उभे करते. ते पुसून नव्याने तयार करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अनेकदा गुणकारीही ठरतो. परंतु कित्येक खेळांची जतन केलेली प्रगती त्याच फोल्डरमध्ये असते. खेळाला स्टीमच्या क्लाउडची सोय नसेल, तर फोल्डरबरोबर महिन्यांची मेहनतही नष्ट होते. म्हणून पुसण्याआधी प्रत काढावी.

जेथे उपाय नाही

काही खेळ वरील सर्व उपाय करूनही चालणार नाहीत. ‘व्हॅलोरंट’सारखे स्पर्धात्मक खेळ विंडोजच्या गाभ्यात उतरणाऱ्या फसवणूकविरोधी यंत्रणेची सक्ती करतात. ‘एपेक्स लेजेंड्स’ने 2024 मध्ये लिनक्सवरील प्रवेश बंद केला. हा प्रश्न ग्राफिक्सचा नसून निर्मात्यांच्या धोरणाचा आहे. जुळणी बदलत राहून येथे वेळच वाया जाईल. आवडीचा खेळ या यादीत आहे का, हे विंडोज काढून टाकण्यापूर्वीच पाहणे शहाणपणाचे ठरते.

उरलेल्या खेळांबाबत एकच पथ्य पाळावे : एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि खेळ चालू झाला, तर दोष कोणता होता हे कळत नाही. पुढच्या अद्ययावतीकरणानंतर पडदा पुन्हा काळा पडला, तर शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.